बूड आधी बघा, फुलं मागाहून

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी बर्मिंगहॅमला राहते. नोकरी, दोन मुलं, सगळं असतं तसंच. तीन-चार वर्षांपासून मला चिनी मातीच्या जुन्या, चितारलेल्या चहाच्या बरण्यांचा नाद लागलाय. इथे त्यांना टी कॅडी म्हणतात. सात जमल्यात, बहुतेक कार बूट सेलमधल्या, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारातल्या, पाच-दहा पौंडांच्या. तीन आठवड्यांपूर्वी मात्र धाडस केलं आणि ऑनलाइन एकाकडून 260 पौंडांना एक घेतली. 'माइसेन, 1750च्या सुमाराची' असं वर्णन होतं. बुडाला निळ्या तलवारींची फुलीही आहे. ह्यांच्या ऑफिसातल्या एका जाणकाराने मोबाइलवर फोटो बघून 'शंभर टक्के नकली' असं सांगून टाकलं. तेव्हापासून बरणीचा विषय निघाला की हे गालातल्या गालात हसतात. मी फसले का? हा नाद चालू ठेवू की सोडू? आणि दिवाळीला ती सांगलीला आईकडे न्यायचं मनात आहे. आईला तीत चहा भरायचाय. न्यावी का?

उत्तर:

तुम्ही अकरा फोटो पाठवलेत. त्यातले नऊ फुलांचे आहेत. एक झाकणाचा. आणि बुडाचा एकच, तोही घाईत काढलेला, कडेला तुमचा अंगठा आलेला. रागावत नाही, मीही पहिली दहा वर्षं हेच केलं. बरणी हातात आली की डोळे गुलाबाकडे जातात, आणि विकणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं. फुलं कोणीही काढू शकतो, शंभर वर्षांनीही काढू शकतो. बुडाची माती, झिलई कुठे थांबली, कड कशी घासली गेली, ह्यात लबाडी करणं फार कठीण. म्हणून पुढच्या वेळी बरणी उचललीत की आधी उलटी करा.

आता त्या तलवारी. माइसेन हा जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळचा कारखाना, 1710 सालचा. चीनसारखी कडक, पांढरी, आरपार उजेड दाखवणारी चिनी माती युरोपात पहिल्यांदा जमली ती तिथल्यांना. त्यांची निळ्या तलवारींची खूण 1720च्या दशकातली, आणि पुढे तिच्याइतकी नक्कल झालेली खूण मातीच्या भांड्यांच्या जगात क्वचितच दुसरी सापडेल. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने 1845पासून जुन्या भांड्यांच्या हुबेहूब प्रती काढण्याचा धंदाच थाटला होता; चिनी, माइसेन, इंग्लिश, जे मागाल ते. तेव्हा ऑफिसातल्या जाणकारांचा संशय अगदीच अनाठायी नाही. निळी फुली दिसली की हात मागे घ्यायचा, ही सवय चांगलीच.

पण त्यांनी फोटो मोठा करून बघितलेला दिसत नाही. मी केला. तलवारींच्या मुठींच्या मध्ये, तुमच्या अंगठ्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर, दोन बारीक खुणा आहेत. मला त्या 91 अशा वाचता येतात. आणि तसं असेल तर गोष्ट वेगळीच होते. तलवारी आणि मध्ये 9 किंवा 91, ही वुस्टरच्या कारखान्याची खूण. तुमच्या घरापासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावरचं वुस्टर! 1751मध्ये डॉक्टर जॉन वॉल आणि मंडळींनी काढलेला हा कारखाना अठराव्या शतकात माइसेनची फुलं काढायचा आणि बुडाला माइसेनची खूणही ठोकून द्यायचा. म्हणजे खूण खोटी आणि भांडं खरं, असा प्रकार. ह्यांना सांगा, अडीचशे वर्षांपूर्वीच्या लबाडीचंही मोल असतं.

थांबा, लगेच सांगू नका. सॅमसनने वुस्टरच्याही नकला केल्या, खुणेसकट. म्हणून आधी तीन गोष्टी करा.

रात्री खोलीतला दिवा घालवून बरणीचं झाकण काढा आणि आत मोबाइलचा टॉर्च सोडा. वुस्टरच्या मातीत सोपस्टोन असायचा, आपण शंखजिरं म्हणतो त्या जातीचा दगड, कॉर्नवॉलहून आणलेला. त्यामुळे भांड्याला एक गुण आला: उकळतं पाणी ओतलं तरी ते तडकायचं नाही. चहाची भांडी विकून कारखाना वर आला तो ह्याच जोरावर. ह्या मातीतून उजेड बहुधा हिरवट दिसतो, ओल्या कापडाआडून दिवा दिसावा तसा. केशरी-पिवळट दिसला तर श्रॉपशरमधल्या कॉगलीच्या कारखान्याचा विचार करावा लागेल. तेही सोपस्टोन वापरत. आणि थंड, करडट-पांढरा दिसला तर सॅमसनकडे पारडं झुकतं.

दुसरी गोष्ट, साधी शिसपेन्सिल घ्या. बरणी ज्या गोल कडेवर उभी राहते, त्या कडेच्या आतल्या बाजूने पेन्सिल हळूच फिरवा. वुस्टरची झिलई तिथे कडेपासून जरा मागे सरकलेली असते, एक बारीक कोरडी रेघ राहते, आणि त्या रेघेवर पेन्सिल उठते. झिलईवर उठत नाही. इतर काही कारखान्यांच्या मालावरही असं होतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. पण टॉर्च हिरवा आणि पेन्सिल उठली, तर मला पुन्हा लिहा, मी पेढे मागेन.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. खिडकीशी जाऊन बरणी तिरपी धरा आणि गुलाबाच्या पाकळीवर उजेड सरकू द्या. वुस्टरसारख्या मऊ जातीच्या मातीवर भाजलेला रंग झिलईत किंचित बुडालेला, तिच्याशी एकजीव झालेला दिसतो. माइसेनसारख्या कडक मातीवर तोच रंग वर बसलेला दिसतो, साय धरल्यासारखा.

झाकणाबद्दल मात्र वाईट बातमी आहे, आणि त्यासाठी टॉर्चही नको. तुमच्या झाकणाच्या पांढऱ्यात निळी झाक आहे, बरणीचा पांढरा दुधाळ आहे. झाकणावरच्या कळीची पानं एका हाताची, बरणीवरची पानं दुसऱ्या हाताची. हे झाकण दुसऱ्या कुठल्या तरी बरणीचं. ह्यात नवल काही नाही. कॅडी उघडायची तर झाकण काढायचंच, आणि बऱ्याच घरांत चहा मोजायलाही तेच झाकण वापरायचे. रोज दोनदा उचललेली वस्तू केव्हातरी फुटणारच. अठराव्या शतकातल्या मातीच्या कॅडी आज बघाल तर कितीतरी बिनझाकणाच्या, नाहीतर चांदीचं, पितळेचं, लाकडाचं झाकण मागून बसवलेल्या. मला स्वतःला ते उघडउघड लाकडी झाकण आवडतं. कोणीतरी सुताराकडे जाऊन 'ह्याला एक टोपी बसवून दे' म्हणालं असेल. उसनं झाकण मूळचं म्हणून खपवणं तेवढं आवडत नाही. तुमच्या विक्रेत्याने वर्णनात झाकणाविषयी चकार शब्द काढलेला नाही, हे मला तलवारींपेक्षा जास्त खटकलं.

माझीही एक फजिती सांगते. वीस वर्षांपूर्वी एका जत्रेवजा अँटिक बाजारात पिवळ्या बल्बखाली मी एक निळी-पांढरी चिनी कॅडी घेतली. चौकोनी, खांदे तिरके, नदी, पूल, होडीत एक म्हातारा. बुडाला कांगशी सम्राटाची सहा अक्षरी खूण. कांगशीचा काळ 1662 ते 1722. मी आनंदाने वेडी. घरी येऊन सकाळच्या उन्हात धरली, तर म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं आभाळ जरा मंद वाटलं. बाकी सगळीकडे चमक आणि एवढ्याच तुकड्यात नाही. नख फिरवलं, तर नखाला एक पायरी लागली. खालचा ओठ टेकवला: सगळीकडे गार, तिथे कोमट. अख्खा खांदा नव्याने लिंपून वरून रंगवलेला होता. आणि कांगशीची खूण? चीनमध्ये एकोणिसाव्या शतकात जुन्या सम्राटांच्या खुणा सर्रास घालत. फसवायलाच घालत असं नाही, पूर्वजांचा मान म्हणूनही. विकणारा खोटं एकही वाक्य बोलला नव्हता. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. ती बरणी अजून माझ्याकडे आहे. नवीन माणूस शिकायला आला की आधी तीच त्याच्या हातात देते.

म्हणून एक अतिनील टॉर्च घेऊन ठेवा, स्वस्त मिळतो. अंधारात मारला की दुरुस्तीचे रंग आणि सरस बहुधा वेगळे चमकतात. आणि विक्रेत्याला लेखी विचारायची लाज सोडा: तडा आहे का, दुरुस्ती आहे का, झाकण ह्याचंच आहे का. तीन प्रश्न. उत्तर गोलमोल आलं की पाकीट बंद.

पैशांचं बघू. विकणारा व्यापारी असेल तर ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत परत करता येते. तुमचे ते दिवस गेले. पण 'माइसेन, 1750' असं लिहून दुसरंच काही दिलं असेल तर चुकीच्या वर्णनावर दाद मागता येते, आणि तसं सभ्य भाषेत लिहिलं तर पुष्कळ जण पैसे परत करतात. मात्र टॉर्च आणि पेन्सिल होईपर्यंत काही लिहू नका. वुस्टर निघाली तर उसन्या झाकणासकट 260 पौंड मला फार वाटत नाहीत, ठेवून घ्या. सॅमसन निघाली तर परत करा. तलवारी बघून माइसेन म्हणणाऱ्याने 91 बघितलंच नसेल, किंवा बघूनही त्याला कळलं नसेल. त्याच्या चुकीत तुमचा फायदाही असू शकतो. हा बाजार असा दोन्हीकडून चालतो.

नाद सोडायचा का? छे. पण तुम्ही सोबत पाठवलेली सात बरण्यांची यादी वाचली आणि जरा धस्स झालं. एक जपानी, एक बिस्किटाचा डबा (ती कॅडी नव्हेच), दोन विसाव्या शतकातल्या, कुठल्याशा चहा कंपनीने चहा भरून विकलेल्या, एक हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावाची आठवण म्हणून पर्यटकांना विकतात ती… हे जमवणं झालं, संग्रह नाही झाला. एक वाफा निवडा आणि त्यातच खुरपा.

तुमच्या जागी मी असते तर स्टॅफर्डशर परगण्यातल्या कुंभारांचा माल निवडला असता, कारण तुम्ही त्याच्या दाराशी राहता. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या पॉटरीज म्युझियममध्ये एक शनिवार काढा, वुस्टरच्या म्युझियममध्ये एक, आणि लंडनला गेलात तर व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या अगदी वरच्या मजल्यावर मातीच्या भांड्यांची दालनं आहेत, तिथे पायांत बूट आरामाचे घाला. स्टॅफर्डशरच्या कॅडींमध्ये गंमत फार. 1760च्या आसपास तिथल्या कुंभारांनी फ्लॉवरच्या गड्ड्याच्या आकाराच्या कॅडी काढल्या, खाली हिरवी पानं, वर पांढरा गड्डा; तसेच अननसही. तिथल्याच जोसाया वेजवुड ह्या कुंभाराने ती गडद हिरवी झिलई 1759च्या सुमारास बसवली होती. मग येतात प्रॅटवेअर नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅडी, साधारण 1780पासून पुढच्या. ह्यांवर उठावाची चित्रं असतात: डोक्यावर हातभर उंच केसांचे डोलारे घेतलेले, फॅशनच्या मागे खुळावलेले बायका-पुरुष, मॅकरोनी म्हणत त्यांना. रंग मोजके, गेरू-नारिंगी, निळा, हिरवा, तपकिरी, कारण झिलईखाली भट्टीत टिकणारे रंग मोजकेच. वुस्टरच्या गुलाबापुढे हे गावठी दिसतं. मला गावठीच आवडतं. शिवाय कडा टवकलेल्या, बिनझाकणाच्या प्रॅटवेअर कॅडी अजून तुमच्या-आमच्या आवाक्यात मिळतात.

वाफा निवडताना एक तारीख मात्र ध्यानात ठेवा, 1784. त्याआधी ब्रिटनमध्ये चहावर कर होता 119 टक्के. चहा कुलपात असायचा, किल्ली घरधनिणीच्या कमरेला. हिरवा एका बरणीत, बोहिया म्हणजे काळा दुसरीत, आणि काही बरण्यांवर तशी नावं किंवा आद्याक्षरंही असत. कॅडी म्हणून तर एवढी नटवलेली: ती स्वयंपाकघरात नव्हे, पाहुण्यांसमोर मांडायची वस्तू होती, मूठभर महाग पाल्याची तिजोरी. त्या साली पंतप्रधान धाकट्या पिटच्या सरकारने कर साडेबारा टक्क्यांवर आणला, चोरटा चहा बसला, खरा चहा घरोघर गेला. पुढच्या काळात चहाच्या संचांतून मातीची कॅडी हळूहळू गळालीच, लाकडी पेट्या राहिल्या. (कॅडी हा शब्द मलायातल्या कटी ह्या वजनावरून आलेला, एक कटी म्हणजे साधारण 600 ग्रॅम. म्हणजे बरणीचं नाव मुळात मापाचं.) तुमच्या हातातली बरणी 1784च्या अलीकडची की पलीकडची, एवढं विचारायची सवय लावलीत तरी तिचा आकार, तोंड, नखरा, सगळं जागेवर बसायला लागतं.

लिलावात जाल तेव्हा हातोडा पडतो ती किंमत शेवटची समजू नका. खरेदीदाराकडून वर कमिशन घेतात, चौथाई किंवा त्याहून जास्त, आणि त्यावर कर. मी बोली लावायला जाताना आकडा तळहातावर लिहून नेते. मुलं हसतात.

आता सांगली. दोन वेगळी उत्तरं आहेत.

चहा भरू नका. माती कुठलीही असो. अठराव्या शतकातल्या इंग्लिश भांड्यांच्या झिलईत शिसं आहे, वर भाजलेल्या रंगांतही शिसं असतं. कोरडा चहा लगेच विष होतो असं नाही, पण झिलईला केसासारखे तडे गेलेले असतात, चुरा त्यात बसतो, ओला चमचा केव्हातरी आत जातोच. आई आत्ता चहा कशात ठेवतात? माझ्या आईचा बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात असायचा, झाकणाला दोरा बांधलेला. त्या डब्याला चहा जास्त चांगला कळतो.

आणि नेण्याबद्दल: भारताच्या 1972च्या प्राचीन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू मुळात कुठल्या देशात घडली, हे विमानतळावर पटवत बसावं लागेल. म्हणजे बरणी सांगलीला गेली की ती सांगलीचीच झाली असं समजून चला. पुढे तुम्हाला किंवा मुलींना ती परत न्यायची झाली तर पुरातत्त्व खात्याच्या दारात उभं राहणं आलं. कायमची आईला द्यायची असेल तर पावती बरोबर ठेवून, कस्टम्सला सांगून जरूर न्या. नुसतीच दाखवायची असेल तर नेऊ नका. आईला व्हिडिओवर दाखवा, आणि त्या मुंबईला आल्या की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेऊन जा. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटांनी जमवलेली चिनी-जपानी भांडी तिथे आहेत. कपाटाच्या काचेला नाक लावून दोघी उभ्या राहा. आई बहुधा विचारतील, ह्यात लोणचं किती राहील.

धुण्याचं विचारायला विसरलात, पण सांगते. सिंकमध्ये नको, डिशवॉशरमध्ये तर नकोच, सोनेरी रेघा एका फेरीत जातील. प्लास्टिकच्या टबात जुना टॉवेल अंथरा, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, एका वेळी एकच वस्तू. दुरुस्ती असलेली बरणी भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच कधीच नाही. उसनं झाकणही जपून ठेवा, फेकू नका.

टॉर्चचा फोटो पाठवाल तेव्हा फ्लॅश बंद ठेवा, आणि बुडाचा फोटो काढायला ह्यांना सांगा. अंगठा मध्ये येणार नाही.